नंबर शून्य, तरी उपकरण वैद्यकीयच: कॉन्टॅक्ट लेन्सच्या नियमांबद्दल वाचकांचे प्रश्न

कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली का येते आणि वापरणाऱ्याला त्याचा उपयोग काय, याबद्दल वाचकांनी विचारलेले हे प्रश्न. उत्तरं लेन्स बसवणारे ऑप्टोमेट्रिस्ट आणि उपकरणांच्या परवान्यांचं काम पाहणारे जाणकार यांनी मिळून दिली आहेत. नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे कोणता नियम कुठला ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न: मला चष्मा नाही. डोळ्यांचा रंग बदलावा एवढ्यासाठी शून्य नंबरच्या लेन्स हव्या आहेत. विक्रेता डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. ही तर सौंदर्यप्रसाधनाचीच वस्तू झाली. मग चिठ्ठी कशाला?

नियम लेन्सच्या नंबरासाठी नाही, ती ज्याला टेकते त्या कॉर्नियासाठी आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना त्याला लागणारा बहुतेक प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्स घातली की या वाटेवर आडोसा येतो. त्या लेन्सला उणे तीन नंबर आहे की शून्य, याने कॉर्नियाला काहीच फरक पडत नाही. उलट रंगीत लेन्स पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या असतात आणि त्यांतून प्राणवायू कमी जातो. शिवाय रंगाचा थर लेन्सच्या आत नीट बंद केलेला नसेल, तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तिथे जंतू चिकटतात.

तुमच्यासारखाच विचार पूर्वी कायदेही करत होते. अमेरिकेत शून्य नंबरच्या रंगीत लेन्सकडे काही काळ सौंदर्यप्रसाधन म्हणून पाहिलं गेलं. अडचण अशी की सौंदर्यप्रसाधनाला विक्रीपूर्वी मंजुरी लागत नाही, म्हणजे कोणाच्या तरी डोळ्याला इजा झाल्यावरच सरकारला हात घालता येतो. ९ नोव्हेंबर २००५ रोजी तिथे कायदा बदलला आणि नंबर असो वा नसो, प्रत्येक कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरण ठरली. जपानने नोव्हेंबर २००९ मध्ये आणि कॅनडाने १६ जुलै २०१६ पासून हेच केलं. युरोपीय संघाने थोडी वेगळी वाट धरली. २०१७/७४५ क्रमांकाच्या उपकरण नियमावलीला एक सोळावं परिशिष्ट आहे. वैद्यकीय हेतू नसलेल्या, पण धोका तसाच असलेल्या वस्तूंची ती यादी आहे आणि तिच्यात पहिलीच नोंद कॉन्टॅक्ट लेन्सची आहे. या वस्तूंसाठीचे सामाईक निकष डिसेंबर २०२२ मध्ये निघाले. आमच्या मते अमेरिकेची पद्धत अधिक स्वच्छ आहे. वस्तू एकच असताना ‘हेतू’ वेगळा म्हणून वेगळा रस्ता काढला की पळवाटा शोधणाऱ्यांचं फावतं.

आता चिठ्ठीचं. तिच्यावर नंबरापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी असतात: बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता, आणि व्यास. तपासणारा आधी केराटोमीटरने कॉर्नियाची वक्रता मोजतो आणि स्लिट लॅम्पखाली पापण्यांच्या कडा, अश्रूंचा थर आणि कॉर्निया पाहतो. मग चाचणीची लेन्स घालून दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि प्रत्येक उघडझापीबरोबर ती किती सरकते ते बघतो. सॉफ्ट लेन्स साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर सरकली पाहिजे. खालच्या पापणीने लेन्स हलकेच वर ढकलली तर ती सहज वर जाऊन परत जागेवर यायला हवी. घट्ट लेन्स सरकत नाही. तिच्याखालची मृत पेशींची घाण आणि शिळे अश्रू तिथेच अडकतात आणि काही तासांनी बुबुळाभोवती लाल कडं उमटतं. फसवी गोष्ट ही की पहिल्या तासात घट्ट लेन्सच जास्त आरामदायक वाटते, कारण ती हलत नाही. म्हणून ‘मला काही त्रास होत नाही’ या एका खुणेवर लेन्स बरोबर बसली असं ठरवता येत नाही. शेवटी लेन्स काढून फ्लुरेसीन या रंगद्रव्याचा थेंब घालतात. कॉर्नियावर ओरखडा असेल तर निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो.

‘सर्वांना बसेल असा एकच साइज’ असं लिहिलेली लेन्स कोणीही, कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका.

प्रश्न: माझ्या चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना −६.०० आहे. तोच नंबर टाकून ऑनलाइन लेन्स मागवल्या तर चालेल का? विक्रेता म्हणतो की माझ्या ब्रँडऐवजी दुसऱ्या ब्रँडची, पण त्याच बेस कर्व्हची लेन्स देतो.

दोन्ही गोष्टींना उत्तर ‘नाही’ असंच आहे.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, तर लेन्स डोळ्यावरच बसते. या अंतराचा हिशेब करावाच लागतो. चष्म्याच्या नंबराला, एक वजा (मीटरमधलं अंतर गुणिले नंबर) याने भागायचं. तुमच्या बाबतीत −६.०० भागिले १.०७२, म्हणजे जवळपास −५.६०. लेन्स पाव डायऑप्टरच्या (डायऑप्टर हे नंबराचं एकक) टप्प्यांत मिळतात, म्हणून सुरुवात −५.५० पासून होईल आणि लेन्स घालून तपासल्यावर नंबर पक्का होईल. −६.०० घातलीत तर लांबचं दिसेल, पण डोळ्याला सतत जादा जोर द्यावा लागेल. मग वाचताना ताण येतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं दुखतं. प्लस नंबरात उलटं होतं: +६.०० च्या चष्म्याला लेन्स जवळपास +६.५० ची लागते. तीनपर्यंतच्या नंबराला हा फरक ०.१० च्या आसपासच असतो. चारपासून पुढे मात्र तो सोडून चालत नाही.

सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर, असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सिलिंडर दुरुस्त करणारी टोरिक लेन्स डोळ्यावर किती अंश फिरून बसते ते प्रत्यक्ष घालूनच कळतं. १० अंश फिरली तरी सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश भाग दुरुस्तीविना राहतो. लेन्सवर बारीक खूण असते. ती तपासणाऱ्याच्या डावीकडे सरकलेली दिसली तर तेवढे अंश अक्षात मिळवायचे आणि उजवीकडे असेल तर वजा करायचे. चष्म्याच्या चिठ्ठीवर यातलं काहीही नसतं.

‘तोच बेस कर्व्ह’ याचाही भरवसा धरू नका. दोन कंपन्यांच्या ८.६ च्या लेन्स एकाच डोळ्यावर वेगवेगळ्या बसतात, कारण पदार्थाचा कडकपणा, कडेचा आकार, जाडी आणि पाण्याचं प्रमाण वेगळं असतं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८३६९ सॉफ्ट लेन्सच्या बेस कर्व्हमध्ये आणि व्यासात ०.२० मिलिमीटरची वधघट चालवून घेतं, तर नंबरात १० डायऑप्टरपर्यंत ०.२५ ची. एवढी मोकळीक असताना केवळ आकडा जुळला म्हणून लेन्स जुळली असं होत नाही.

अमेरिकेत म्हणूनच विक्रेत्याला चिठ्ठीवरचा ब्रँड बदलता येत नाही. एकाच कारखान्याची तीच लेन्स दुसऱ्या नावाने विकली जात असेल, तर तेवढीच सूट आहे. तिथे २००४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे लेन्स बसवून झाली की डॉक्टरांनी न मागताही चिठ्ठीची प्रत द्यायची असते आणि ती कुठेही वापरता येते. चिठ्ठी साधारणपणे किमान एक वर्ष चालते. ग्राहकाने प्रत दिली नाही तर विक्रेता डॉक्टरांकडे पडताळणी मागतो आणि कामकाजाच्या आठ तासांत उत्तर आलं नाही तर ती झाली असं धरलं जातं. ही शेवटची तरतूद आम्हाला खटकते. डॉक्टरांकडून नुसता नकार न येणं म्हणजे तपासणी नव्हे. ग्राहकाने स्वतःच चिठ्ठीची प्रत जोडली तर हा सगळा घोळ टळतो, म्हणून प्रत मागून घ्याच.

प्रश्न: मी ऑप्टोमेट्रीचा विद्यार्थी आहे. लेन्सचा धोक्याचा वर्ग कसा ठरतो? एकीकडे दुसरा वर्ग तर दुसरीकडे तिसरा वाचायला मिळतो.

लेन्स डोळ्यावर सलग किती वेळ राहते आणि तिच्याबद्दल कोणता दावा केला आहे, यावर ते ठरतं.

अमेरिकेचा इतिहास इथे बोलका आहे. १९७१ मध्ये तिथे पहिली सॉफ्ट लेन्स मंजूर झाली ती औषध म्हणून, कारण उपकरणांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये आला आणि सॉफ्ट लेन्स सर्वांत कडक अशा तिसऱ्या वर्गात गेल्या. पुरेसा अनुभव जमल्यावर १९९४ मध्ये दिवसा घालून रात्री काढायच्या लेन्स दुसऱ्या वर्गात उतरवल्या. त्यांच्यासाठी आधीच्या मान्य लेन्सशी समकक्षता दाखवावी लागते, तिला ५१०(के) म्हणतात. रात्रभर घालायच्या लेन्स मात्र अजून तिसऱ्यातच आहेत आणि त्यांना रुग्णांवरच्या चाचण्यांसह स्वतंत्र मंजुरी लागते.

युरोपात डोळ्याच्या गोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग नियमांपुरता शरीराच्या नैसर्गिक छिद्रांमध्ये धरतात. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं, पण त्यामुळे लेन्स ‘शरीरात शिरणारं उपकरण’ ठरते. तासाभरापेक्षा जास्त आणि ३० दिवसांपर्यंतच्या वापराला वर्ग २-अ, त्यापलीकडे २-ब. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत आणि परवाना क्रमांक लेबलवर छापावा लागतो.

मंजुरीसाठी द्यायच्या फाइलमध्ये काय काय जातं हे पाहिलं तर विषय जास्त नीट समजेल. पेशींवर विषारी परिणाम, डोळ्याची जळजळ आणि अ‍ॅलर्जी यांच्या चाचण्या, पदार्थातून द्रावणात काय झिरपतं त्याचं मोजमाप, निर्जंतुकीकरणाची पडताळणी आणि मुदतीच्या चाचण्या हे सगळं लागतं. ब्लिस्टरमधल्या, म्हणजे छोट्या सीलबंद पाकिटातल्या लेन्स बहुधा वाफेने निर्जंतुक करतात आणि दहा लाखांत एकापेक्षा जास्त पाकिटात जिवंत जंतू राहण्याची शक्यता नसावी, ही तिथली पातळी आहे. मुदत संपताना लेन्सचा नंबर, व्यास आणि ब्लिस्टरचं सील टिकलेलं आहे हेही दाखवावं लागतं. सोल्युशनशी लेन्सची जुळणी तपासण्यासाठी अमेरिकी यंत्रणा सॉफ्ट पदार्थांचे पाच गट करते: पाणी ५० टक्क्यांपेक्षा कमी की जास्त आणि पदार्थ आयनिक (विद्युतभार असलेला) की नॉन-आयनिक, असे चार, पाचवा सिलिकॉन हायड्रोजेलचा. चौथा गट, म्हणजे जास्त पाण्याचा आयनिक, अश्रूंतली प्रथिनं सर्वांत जास्त ओढून घेतो.

प्रश्न: लेन्स धुण्याचं सोल्युशन युरोपात लेन्सपेक्षा वरच्या वर्गात आहे, हे कसं? ते तर नुसतं पाणीच दिसतं. मी डबीतलं जुनं सोल्युशन न फेकता वरून थोडं नवं घालते.

ही सवय आजच सोडा. सोल्युशन वरच्या वर्गात असण्याचं कारणही तिच्यातच आहे.

युरोपात लेन्स निर्जंतुक करणारी, स्वच्छ करणारी, धुणारी आणि ओलावा देणारी सर्व द्रावणं वर्ग २-ब मध्ये येतात. कोरी लेन्स निर्जंतुक पाकिटातून येते. दुसऱ्या दिवसापासून तिची निर्जंतुकता पूर्णपणे सोल्युशनवर अवलंबून असते आणि ते कमी पडलं तर डोळ्यांनी कळत नाही.

आयएसओ १४७२९ या मानकाप्रमाणे सोल्युशन तीन जीवाणू आणि दोन बुरशींवर तपासतात. लेबलवर लिहिलेल्या किमान वेळात जीवाणू हजारपट कमी व्हावे लागतात आणि बुरशी दहापट. म्हणजे दहा लाख जीवाणूंतले हजार उरले आणि दहा लाख बुरशी पेशींतल्या लाखभर उरल्या, तरी सोल्युशन उत्तीर्ण. उरलेलं काम चोळण्याने आणि खळखळून धुण्याने व्हायचं असतं. म्हणून बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ असं लिहिलं असेल तरीही चोळा. तळहातावर लेन्स ठेवून, बोटाच्या टोकाने लेबलवर दिलेले सेकंद प्रत्येक बाजू चोळायची, मग ताज्या सोल्युशनच्या धारेने धुवायची आणि मगच डबीत ठेवायची. अकँथअमिबा या सूक्ष्मजीवावरची परिणामकारकता या पाच जंतूंच्या यादीत नाही. तो नळाच्या पाण्यात सापडतो आणि प्रतिकूल परिस्थितीत कडक कवच करून बसतो. लेन्सला किंवा डबीला पाणी लावू नका, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते याच्यामुळे.

या चाचण्या पुरेशा नाहीत हे दोनदा दिसलं. २००६ मध्ये फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाची लाट आली. अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली आणि बॉश अँड लॉम्बचं रेन्यू विथ मॉइश्चरलॉक हे सोल्युशन मे महिन्यात जगभरातून मागे घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी मे मध्ये अकँथअमिबाच्या संसर्गामुळे एएमओ कंपनीचं कंप्लीट मॉइश्चरप्लस परत घेतलं गेलं. २००६ च्या तपासात धोका वाढवणारी जी सवय पुढे आली ती तुमचीच: जुन्यावर नवं ओतणं.

असं का होतं पाहा. या द्रावणांत जंतुनाशकाची मात्रा अगदी बारीक असते, कारण तेच द्रावण डोळ्यात जायचं असतं. पीएचएमबी हे जंतुनाशक बहुधा ०.०००१ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. रात्रभरात त्यातलं काही लेन्स शोषून घेते आणि काही जंतू मारण्यात आणि घाणीला चिकटण्यात खर्च होतं. सकाळी डबीत उरतं ते दमलेलं द्रावण. त्यावर थोडं ताजं ओतलं की मात्रा पुरेशी होत नाही, आणि डबीच्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर जमू लागतो. तो थर नुसत्या द्रावणाने निघत नाही. म्हणून लेन्स घातल्यावर डबी पूर्ण रिकामी करा, ताज्या सोल्युशनने धुवा, स्वच्छ टिश्यूने आतून पुसा आणि उपडी ठेवून वाळवा. झाकणंही उपडी. डबी जास्तीत जास्त तीन महिन्यांनी बदला. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा, कारण छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. सोल्युशन छोट्या बाटलीत काढून प्रवासाला नेऊ नका. ओतताना त्याची निर्जंतुकता जाते. सलाइनमध्ये जंतुनाशक नसतं, त्यात लेन्स रात्रभर ठेवली तर ती फक्त ओली राहते.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पद्धतीचे नियम याहून वेगळे आहेत. ३ टक्के पेरॉक्साइड जंतूंवर प्रभावी आहे, पण डोळ्याला भाजतं. त्याच्या उभ्या डबीतली प्लॅटिनमची चकती सुमारे सहा तासांत त्याचं पाणी आणि प्राणवायू करते. लवकर लेन्स काढू नका आणि हे द्रावण साध्या चपट्या डबीत ओतू नका. तिथे चकती नसते, सकाळपर्यंत पेरॉक्साइड तसंच राहतं आणि लेन्स घातल्याबरोबर डोळा पोळतो. चकतीही कालांतराने निकामी होते, म्हणून प्रत्येक नव्या बाटलीबरोबर येणारी नवी डबीच वापरायची. उदासीन झालेल्या द्रावणात जंतुनाशक उरत नाही, त्यामुळे त्यात लेन्स बरेच दिवस पडून राहिली तर घालण्यापूर्वी पुन्हा पूर्ण प्रक्रिया करावी लागते.

प्रश्न: माझ्या लेन्सच्या खोक्यावर ‘मंथली’ लिहिलं आहे. म्हणजे महिनाभर रात्रीही ठेवता येतील ना?

नाही. तो महिना लेन्स टाकून देण्याचा आहे, सलग घालण्याचा नव्हे. तो ब्लिस्टर उघडल्या दिवसापासून मोजतात. मध्ये आठ दिवस घातली नाही म्हणून आठ दिवस वाढत नाहीत. रात्रभर घालण्याची मंजुरी स्वतंत्र असते आणि ती असेल तर सोबतच्या माहितीपत्रकात रात्रींच्या संख्येसह स्पष्ट लिहिलेली असते. या घोळाला खोक्यावरची नावंच जबाबदार आहेत आणि ‘मंथली’च्या शेजारी ‘रात्री काढा’ असं तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणं सक्तीचं व्हायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

झोपेत पापण्या मिटल्याने प्राणवायू आधीच कमी होतो. १९८४ साली होल्डन आणि मर्ट्झ यांनी मांडलेल्या निकषानुसार लेन्सची प्राणवायू वाहण्याची क्षमता दिवसाच्या वापराला किमान २४ आणि रात्रीला ८७ हवी. साध्या हायड्रोजेलला ८७ गाठता येत नाही. सिलिकॉन हायड्रोजेल तो आकडा ओलांडतं, पण त्याने संसर्गाचा प्रश्न सुटत नाही, कारण मिटलेल्या डोळ्यात अश्रूंची अदलाबदल थांबते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत कॉर्नियाच्या अल्सरचं वार्षिक प्रमाण दिवसा वापरणाऱ्यांत दर १० हजारांमागे सुमारे ४ आणि रात्रभर वापरणाऱ्यांत सुमारे २१ आढळलं. त्याच वर्षी तिथे सलग वापराची मर्यादा ३० दिवसांवरून ७ दिवसांवर आणली गेली.

प्रश्न: मुलीचा मायनस नंबर दरवर्षी वाढतो आहे. नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या लेन्स आणि साध्या मल्टिफोकल लेन्स यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे का?

आहे. उपकरणाला मंजुरी मिळते ती ठरावीक वापरासाठी. ‘जवळचं आणि लांबचं स्पष्ट दिसेल’ हा एक दावा झाला, ‘मायोपिया (मायनस नंबर) वाढण्याचा वेग कमी होईल’ हा दुसरा, आणि दुसऱ्यासाठी मुलांवर काही वर्षं चाललेल्या चाचणीचा पुरावा लागतो. उदाहरणार्थ, मायसाइट वन डे या रोज बदलायच्या लेन्सला अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. ती उपचार सुरू करताना ८ ते १२ वर्षं वय, −०.७५ ते −४.०० नंबर आणि ०.७५ पर्यंतच्या सिलिंडरसाठी आहे. विक्रेत्याला विचारायचं ते एवढंच: हा दावा माहितीपत्रकात छापलेला आहे का, आणि माझ्या मुलीचं वय आणि नंबर त्यात बसतात का? डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर दुसरी लेन्स सुचवू शकतात, पण मग ते तसं स्पष्ट सांगतील. विक्रेत्याला तो अधिकार नाही.

प्रश्न: खोकं अस्सल आहे हे ओळखायचं कसं?

आधी खोकं आणि ब्लिस्टर शेजारी ठेवा. ‘लॉट’ (उत्पादनाची तुकडी) पुढचा क्रमांक, वाळूच्या घड्याळाच्या खुणेजवळची मुदत, बेस कर्व्ह, व्यास आणि नंबर दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत. कारखान्याच्या खुणेपाशी उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत सांगणारी चौकट असते. एकदाच वापरायच्या लेन्सवर काट मारलेला दोनचा आकडा असतो.

युरोपातल्या विक्रीसाठीची सीई खूण असेल तर तिच्याखाली किंवा शेजारी चार आकडे आहेत का पाहा. लेन्सच्या वर्गाला स्वतंत्र तपासणी संस्थेचा शिक्का लागतो आणि ते आकडे त्या संस्थेचे असतात. आकड्यांविना नुसती सीई खूण असलेली वैद्यकीय लेन्स ही शंकेची जागा आहे. चौकोनी कोडाखाली कंसात ०१, १७ आणि १० असे आकडे दिसतील: अनुक्रमे वस्तूचा ओळख क्रमांक, मुदत आणि लॉट. मोबाइलने कोड वाचून आलेला मजकूर छापील लॉटशी जुळतो का ते बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उपकरणांचा ओळख क्रमांक तिथल्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये शोधताही येतो. सील सुटलेलं किंवा द्रावण गळलेलं असेल तर बाकी सगळं जुळूनही ती लेन्स टाकून द्या.

प्रश्न: लेन्समुळे डोळा लाल झाला तर तक्रार कुठे आणि कशी करायची? मी नेहमी लेन्स फेकून देतो आणि विषय संपवतो.

तक्रार नंतर, आधी डोळा. लेन्स काढा आणि परत घालू नका, नवी जोडी उघडूनही नाही. दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा चिकट स्राव यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्यूडोमोनास जीवाणूचा अल्सर एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका, त्याने लाली ओसरते आणि संसर्ग आत वाढतो. डोळ्यावर पट्टीही बांधू नका.

काढलेली लेन्स फेकू नका. ती तिच्याच डबीत, आहे त्या द्रावणात ठेवा, डबी धुऊ नका आणि सोल्युशनच्या बाटलीसह सोबत न्या. डॉक्टर त्यातून कल्चर (जंतू वाढवून ओळखायची चाचणी) पाठवू शकतात, आणि कॉर्नियाच्या खरवडीतून जंतू सापडला नाही तरी डबीतून तो पुष्कळदा सापडतो.

मग हे लिहून काढा: लेन्सचं पूर्ण नाव, बेस कर्व्ह, व्यास, नंबर, लॉट आणि मुदत, ब्लिस्टर उघडल्याची तारीख, रोज किती तास घातली, झोपेत किंवा पोहताना होती का, सोल्युशनचं नाव, त्याचा लॉट आणि बाटली उघडल्याची तारीख, त्रास केव्हा सुरू झाला आणि डॉक्टरांनी काय निदान केलं. चूक तुमची असेल तरी ती लिहा. झोपेत लेन्स होती हे लपवलं तर तपासणारे नको त्या दिशेने जातात.

अमेरिकेत ग्राहकासाठी मेडवॉच ३५००बी हा अर्ज आहे. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे. उत्पादकालाही कळवा, कारण त्याच्यावर मुदतीचं बंधन असतं: अमेरिकेत गंभीर इजेची माहिती ३० दिवसांत नियामकाला द्यावी लागते, तर युरोपात गंभीर घटनेला १५ दिवस, अनपेक्षितपणे प्रकृती गंभीर बिघडली तर १० दिवस आणि सार्वजनिक आरोग्याला मोठा धोका असेल तर २ दिवस. लॉट क्रमांकाविना आलेली तक्रार इतर तक्रारींशी जोडता येत नाही, आणि एकाच लॉटच्या तक्रारी जुळल्या तरच तो लॉट बाजारातून परत बोलावता येतो.

कंपनी वापरलेली लेन्स परत मागेल. डॉक्टरांचं कल्चर होईपर्यंत ती देऊ नका, आणि त्याच लॉटचा एक न उघडलेला ब्लिस्टर स्वतःजवळ राखून ठेवा. वापरलेल्या लेन्सवरचे जंतू कुठून आले हे सांगता येत नाही. कारखान्यातच दोष होता का, हे बंद ब्लिस्टर तपासूनच कळतं.